चार्जर काढून बघा, मग मदरबोर्डचं बोलू

पारोळा तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं केंद्र चालवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे. लॅपटॉप चार वर्षांचा. वायरलेस माऊस मधेच अडकतो आणि मग एकदम पुढे पळतो. एकदा क्लिक केलं तर दोनदा होतं. वैतागून टचपॅड वापरायला घेतला तर कर्सर आपोआप उड्या मारतो, नको तिथे क्लिक होतं, आणि हे सकाळी फारसं होत नाही, दुपारनंतर जास्त. डाव्या बाजूला पेनड्राइव्ह आणि माऊसचा रिसीव्हर, उजवीकडे थंब मशीन आणि प्रिंटर अशी जोडणी. शहरातल्या एका दुकानात आधी विंडोज नव्याने टाकून दिली, फरक पडला नाही. आता टचपॅड बदलावा लागेल, कदाचित मदरबोर्डही, असं सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून ताईंनी लॅपटॉप पिशवीत घालून घरी आणला.

ताई, आणलात ते बरं केलंत. मी जळगावात १९९८ पासून हेच काम करतोय. तुमचं वाचून मला वाटतं ते असं: इथे तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तिन्ही एकदम दिसली की ऐकणाऱ्याला मदरबोर्डच आठवतो. माणसाला ताप, पायात काटा आणि दातदुखी एकाच दिवशी झाली म्हणून कोणी हृदयाचं ऑपरेशन सांगत नाही, पण आमच्या धंद्यात सांगतात.

आधी एक काम करा. शेजारच्याकडून, शाळेतून, कुठूनही एक साधा वायरवाला माऊस तासाभरासाठी मागून आणा आणि तुमच्या लॅपटॉपला लावा. तुमचा वायरलेस माऊस त्याच्या रिसीव्हरसकट दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावून बघा. मागून आणलेला माऊस तुमच्याकडे नीट चालला, तर लॅपटॉपचे पोर्ट आणि विंडोज ठीक आहेत. तुमचा माऊस तिकडेही दोनदा क्लिक करत असेल, तर दोष माऊसच्या पोटात आहे, लॅपटॉप निर्दोष. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. माऊस, पोर्ट आणि ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) तिन्ही एकदम बदलून बसलात की नीट झाल्यावरही कशाने झालं ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात परत तिथेच.

आता टचपॅड. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा शब्द मला ‘दुपारनंतर’ हा वाटला. सकाळी तुम्ही रात्रभर चार्ज झालेल्या बॅटरीवर बसता. दुपारी बॅटरी उतरते, चार्जर लावता, आणि तिथून कर्सर वेडावतो. माझा अंदाज बरोबर आहे का ते तुम्हीच तपासा: लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा, प्रिंटरची यूएसबी वायरही काढा आणि दहा-पंधरा मिनिटं नुसता टचपॅड वापरा. कर्सर शांत चालला तर टचपॅड बदलायचा प्रश्नच संपला. मग चार्जर लावा. उड्या परत सुरू झाल्या की चोर सापडला. प्रिंटर काढायला एवढ्यासाठी सांगितलं, की तोही स्वतःच्या प्लगने विजेला जोडलेला असतो आणि तीच गडबड त्याच्या वायरीतूनही लॅपटॉपमध्ये येऊ शकते.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे कोणी फसवणार नाही. टचपॅडच्या गुळगुळीत पृष्ठभागाखाली बारीक वाहक रेषांची उभी-आडवी जाळी असते. बोट टेकलं की त्या जागेची विद्युतधारकता, म्हणजे वीज धरून ठेवायची क्षमता, बदलते. हा बदल अगदी किरकोळ, पिकोफॅरड या बारीक मापाच्या हिशेबातला, पण टचपॅडची चिप तो मोजून बोट कुठे आहे ते ठरवते. म्हणजे टचपॅड तुमच्या बोटाचा दाब बघत नाही, तुमच्या अंगातून येणारा विजेचा बदल बघतो. आता चार्जरकडे या. चार्जरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपला जाणारी १९-२० व्होल्टची बाजू वेगळी ठेवलेली असते, पण रेडिओ-टीव्हीला त्रास देणारा गोंगाट दाबण्यासाठी दोन्हींच्या मध्ये एक छोटा कपॅसिटर (वीज धरून ठेवणारा भाग) मुद्दाम बसवलेला असतो. त्यातून थोडासा करंट कायम झिरपतो. तो जमिनीत निघून जावा म्हणून प्लगला तिसरी, जाड पिन असते. तिला जमीन मिळालीच नाही, तर लॅपटॉपचं सगळं धातूचं अंग अर्ध्या-मुर्ध्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. तुम्ही हात लावला की जमिनीकडे जायचा रस्ता तुम्ही. टचपॅडला वाटतं, चार-पाच बोटं नाचताहेत.

लॅपटॉपचं झाकण धातूचं असेल तर त्यावरून बोटाची मागची बाजू अगदी हलकी फिरवून बघा. चार्जर लावलेला असताना खरखरीत, थरथरल्यासारखं लागतं आणि चार्जर काढला की तोच पत्रा गुळगुळीत लागतो. काहींना मनगटाला झिणझिण्या येतात. वायरमनने मीटर लावला तर तिथे शंभरेक व्होल्ट दिसतात आणि घरचे घाबरतात. करंट फार थोडा असतो, चांगल्या चार्जरने जीव जात नाही. पण स्वस्तातला नकली चार्जर असेल तर मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही, तो बदलाच.

अमळनेरकडच्या एका घरी मी हाच प्रकार बघायला गेलो होतो. दोन टचपॅड बदलून झाले होते. मी स्क्रू काढायच्या तयारीत, तेवढ्यात त्यांची सातवी-आठवीतली मुलगी म्हणाली, “काका, पाय वर घेऊन बसलं ना, की टचपॅड नीट चालतो.” आजोबा हसले. मी तिला बसायला लावलं. पाय फरशीवर टेकवले की कर्सर कोपऱ्यात पळायचा, पाय प्लास्टिकच्या खुर्चीवर घेतले की शहाण्यासारखा चालायचा. पोरीने निदान केलं होतं आणि घरात कोणी ऐकत नव्हतं. अनवाणी पाय गार फरशीवर म्हणजे तिचं अंग जमिनीला जोडलेलं. पाय वर म्हणजे जोडणी तुटलेली. तुम्हीही करून बघा. आपल्या जळगावची प्लास्टिकची चटई पायाखाली घातली तरी बराच फरक पडतो. तो इलाज नाही, पण गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना वेळ निभावते.

खरा इलाज तीन ठिकाणी शोधायचा. पहिलं, एक्स्टेंशन बोर्ड. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त बोर्डांना वर तीन भोकं असतात, पण मागून येणाऱ्या वायरीत तारा दोनच. प्लग बघा, दोनच पिना असतील तर तो बोर्ड आजच बाजूला काढा. दुसरं, थ्री पिनला टू पिन करणारा तो छोटा जोड. तो वापरला की अर्थ (जमिनीशी असलेली जोडणी) तिथेच मेला. तिसरं, भिंतीतला सॉकेट आणि घराचं अर्थिंग. हे वायरमनकडून मीटरने मोजून घ्या, स्वतः सॉकेटमध्ये काही घालू नका. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट, असं असेल तर अर्थिंग जिवंत आहे. फेज-अर्थचा आकडा पडलेला किंवा तरंगता दिसला, तर मेलेलं.

आपल्याकडे ते मरतं फार, विशेषतः उन्हाळ्यात. काळी माती मार्चनंतर आटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि खड्ड्यातल्या पाइपाला किंवा प्लेटला चिकटलेली माती सुटते. पावसाळ्यात झकास चालणारं अर्थिंग मे महिन्यात नावालाच उरतं. खड्ड्यात कोळसा-मीठ भरतात ते ओल धरून ठेवण्यासाठीच. पण घर बांधताना एकदा भरलं आणि वर फरशी टाकली, की पुढची दहा वर्षं तिकडे कोणी बघत नाही. खड्डा सापडला तर उन्हाळ्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी ओता. एवढ्यावर टचपॅड बरे झालेले मी पाहिले आहेत, आणि लोकांना ते पटत नाही.

एक गोष्ट मात्र कोणालाही करू देऊ नका. काही जण सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एका तारेने जोडून देतात आणि “झालं अर्थिंग” म्हणतात. मीटर खूश, टचपॅडही शांत. पण ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी प्रिंटरपासून फ्रिजपर्यंत सगळ्यांच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. माऊस नीट करायच्या नादात माणूस जाईल.

इन्व्हर्टरही लक्षात ठेवा. लाइट गेल्यावरच कर्सर नाचत असेल तर तुमचा इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा असण्याची शक्यता मोठी. साइन वेव्ह (घरच्या लाइटसारखी गोलसर लाट) नसलेल्या इन्व्हर्टरवर चार्जर जास्त गोंगाट करतो. तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर लाइट आल्यावर लावा.

आता समजा, चार्जर काढूनही टचपॅड नीट नाही. मग लगेच एक पाहणी करा, आणि ही चेष्टेत घेऊ नका. लॅपटॉप बंद करून सपाट ओट्यावर ठेवा. डगमगतो का? झाकण मिटल्यावर फट राहते का? टचपॅड एका बाजूने वर आलाय का, किंवा त्याचं क्लिक दगडासारखं घट्ट झालंय का? बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या बरोबर खाली किंवा शेजारी असते. ती फुगली की खालून टचपॅडला ढकलते, आणि टचपॅड बिचारा नादुरुस्त ठरतो. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याचा लॅपटॉप माझ्याकडे ‘टचपॅडचं क्लिक होत नाही’ म्हणून आला होता. वरून केळीच्या चिकाचे काळे डाग, मलाही वाटलं चिकाने अडकला असेल. खालचं झाकण काढलं तर बॅटरीच्या तीन सेलांपैकी मधला पापडासारखा फुगलेला. वर्षानुवर्षं चोवीस तास चार्जर लावलेला, पत्र्याचं शेड आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री. लिथियमच्या बॅटरीला उष्णता आणि कायम भरलेलं पोट, दोन्ही मानवत नाही.

फुगलेली दिसली तर चार्ज करू नका, दाबून बसवू नका, टोचून हवा काढायचा विचारही करू नका. आतली गॅस जळणारी असते. लॅपटॉप बंद करून दुरुस्तीवाल्याकडे न्या, बॅटरी बदला, टचपॅड बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. आणि बॅटरी चांगली असेल तर लॅपटॉप कंपनीच्या सेटिंगमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का बघा, असेल तर चालू करून ठेवा. खान्देशात ती मला विम्यासारखी वाटते.

वायरलेस माऊस अडकण्याचं कारण तुम्ही स्वतःच लिहिलं आहे: डाव्या बाजूला पेनड्राइव्ह आणि त्याच्या शेजारी रिसीव्हर. हे माऊस २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. यूएसबी ३ चा पोर्ट, त्यातला पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क चालू असताना नेमक्या याच पट्ट्यात गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं, पण दुकानातून माऊस घेताना हे कोणी सांगत नाही. नखाएवढा रिसीव्हर त्या गोंगाटाला खेटून बसलेला, त्याला माऊसचं बोलणं ऐकू येत नाही. कर्सर थांबतो, मग ऐकू आलं की एकदम पळतो.

उपाय साधा आहे. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये टाका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये आतून निळा असलेला पोर्ट यूएसबी ३ चा असतो, काळा किंवा पांढरा असेल तो घ्या. तिकडे थंब मशीन आहे, तर दोघांची अदलाबदल करा. तेवढ्याने भागलं नाही तर फूटभराची यूएसबी एक्स्टेंशन वायर घेऊन रिसीव्हर माऊसजवळ टेबलावर आणा. लोखंडी टेबलाखाली किंवा सीपीयूच्या मागे लपवलेला रिसीव्हर हा असाच ऐकू न येणारा. ब्लूटूथ माऊसही याच पट्ट्यात बोलतो, त्यामुळे तो घेऊन सुटका होईलच असं नाही.

सेलही बघून घ्या. माऊसचा दिवा पेटतो म्हणजे सेल चांगला, असं नसतं. दिव्याला पुरेल इतकी ताकद उरलेला सेल रेडिओला कमी पडतो. नवा सेल टाकून बघितल्याशिवाय माऊसला नावं ठेवू नका. सेल गळून पत्रीवर पांढरट-हिरवट भुकटी जमली असेल, तर सेल काढून ती कोरड्या ब्रशने झाडा. अल्कलाइन सेल असेल तर कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा थेंब घेऊन पत्री पुसा आणि कोरडी होऊ द्या.

कापसावरून आठवलं. मी सुरुवात केली तेव्हा गोळीचे माऊस होते. पोट उघडायचं, रबरी गोळी काढायची, आतल्या दोन रुळांवर चिकटलेल्या मळाच्या काळ्या पट्ट्या नखाने खरवडायच्या. सायबर कॅफेवाले महिन्याला दहा-दहा माऊस एका पिशवीत घालून आणायचे. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा गोळी नसलेला ऑप्टिकल माऊस आला, हळूहळू स्वस्त झाला, आणि मला वाटलं ही घाण आता कायमची संपली. मग दिवाळीनंतर एका जिनिंगमधून फोन. वजनकाट्यावरच्या माऊसचा कर्सर जागच्या जागी थरथरतो, काट्याची नोंद करता येत नाही, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. काट्यावरचा पोऱ्या म्हणाला, “भाऊ, हाऊ माऊस चालस नही, तीन बदली टाक्या.” तीन नवे माऊस सहज खराब निघत नाहीत. मी माऊस उलटा केला, मोबाइलचा टॉर्च मारला. सेन्सरच्या भोकात रुईचा एकच तंतू आडवा, श्वास घेतला की हलणारा. चिमट्याने ओढून काढला, झालं.

ऑप्टिकल माऊसच्या त्या भोकाच्या आत एक छोटासा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारोंच्या संख्येने फोटो काढतो आणि दोन फोटोंतल्या फरकावरून माऊस किती सरकला ते काढतो. भोकात तंतू हलत असेल तर त्याला वाटतं माऊस हलतोय. उलट काचेच्या टेबलावर त्याला फरक काढायला काही दिसतच नाही. म्हणून काच असेल तर खाली माऊस पॅड ठेवा, नसेल तर वर्तमानपत्राची घडीही चालते. तुमच्याकडे कापूस घरात साठवला जात असेल तर भोक महिन्यातून एकदा बघत जा. फुंकर मारू नका, थुंकी उडते. सुका ब्रश किंवा चिमटा.

आता दोनदा क्लिक. यात लॅपटॉपचा काडीचा संबंध नाही, आणि विंडोजमधला डबल-क्लिकचा वेग बदलून ते जाणार नाही. माऊसच्या बटणाखाली साखरेच्या चौकोनाएवढा मायक्रोस्विच असतो. त्यात तांब्याच्या मिश्रधातूची पातळ, वाकवलेली पट्टी. तुम्ही दाबलं की ती टक् करून दुसऱ्या टोकाला जाऊन टेकते. टेकताना ती किंचित उसळतेच, नवी असतानाही. ती उसळी मोजायची नाही म्हणून माऊसची चिप काही मिलिसेकंद डोळे मिटून घेते. पट्टीचा ताण गेला, टोकं काळवंडली, की उसळी लांबते आणि चिपने डोळे उघडल्यावरही चालूच असते. चिप मोजते: दोन क्लिक.

खात्री करायची सोपी रीत आहे. डेस्कटॉपवरची एखादी फाइल पकडून ठेवा आणि हळूहळू स्क्रीनभर फिरवा. बोट उचललेलं नसताना ती मधेच सुटून पडली तर स्विच गेला. तुमच्यासारखीने हा माऊस आज बंद करावा, कारण फॉर्म भरताना ‘सबमिट’वर दोन क्लिक म्हणजे कधी कधी एकाच माणसाची दोनदा फी. स्विच बदलता येतो, तीन पाय असतात, डाग काढून नवा लावायचा. ओमरॉन कंपनीचे स्विच बऱ्याच चांगल्या माऊसमध्ये असतात आणि सुटे मिळतात. महागड्या माऊसचं मी ते काम आनंदाने करतो. तीनशे-चारशेच्या माऊसला मी स्वतःच नको म्हणतो, माझी मजुरी माऊसएवढी होते. आधी पावती शोधा. एक ते तीन वर्षांची वॉरंटी असलेले माऊस लोक सर्रास फेकून देतात.

चाक वर फिरवलं की पान खाली जातं, असंही काही दिवसांनी होईल. तिथे बहुतेक वेळा केस गुंडाळलेला असतो किंवा आतला फिरता भाग मळतो. त्यावर फार वेळ घालवू नका.

सॉफ्टवेअरचं शेवटी घेतोय, कारण तुमच्या बाबतीत ते कारण नसावं. विंडोज नव्याने टाकूनही तेच होत होतं, यावरूनच ते कळतं. ‘फॉर्मॅट मारा’ हे आमच्या धंद्यातलं पॅरासिटामॉल आहे, काहीही दुखू दे. पण त्याने कधी नवंच दुखणं लागतं, ते सांगून ठेवतो. आजकालचे टचपॅड लॅपटॉपच्या आत आयटूसी नावाच्या मार्गाने जोडलेले असतात. नवी विंडोज टाकल्यावर त्या मार्गाचा ड्रायव्हर, इंटेलच्या लॅपटॉपमध्ये सीरियल आयओचा, बसलाच नाही, तर टचपॅड पूर्ण मुका होतो आणि दुकानदार म्हणतो जळाला. ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, तुमच्या मॉडेलचा नंबर टाकून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ वाले प्रोग्राम नकोत.

माऊस अजिबात चालत नसताना कीबोर्डवरून वाट काढता येते. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, मग एम. डिव्हाइस मॅनेजर उघडतो. टॅब आणि बाणांच्या बटणांनी फिरा. तिथे यूएसबी रूट हबच्या गुणधर्मांत, पॉवर मॅनेजमेंटमध्ये, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण असते. थोडा वेळ हात न लावल्यावर माऊस झोपून जात असेल तर ती काढा. आणि लॅपटॉप ‘शट डाऊन’ करून परत चालू केला म्हणजे सगळं ताजं झालं, असं समजू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज १० आणि ११ आपला बराच भाग साठवून ठेवतात आणि तोच परत आणतात. खरी सुरुवात ‘रीस्टार्ट’ने होते.

टचपॅड बंद करणारं बटणही असतं, एफ ओळीत कुठेतरी टचपॅडचं चित्र असलेलं. काही जुन्या एचपी लॅपटॉपवर टचपॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका असतो. त्यावर दोनदा टिचकी मारली की टचपॅड बंद. धूळ पुसताना ती टिचकी बसते. असा लॅपटॉप घेऊन एक गुरुजी एरंडोलहून एसटीने आले होते. परत टिचकी मारून दिला. पैसे घ्यायची लाज वाटली, चहा तेवढा घेतला.

तुम्ही आता असं करा. वायरवाला एक माऊस विकत घ्या, वायरलेसची पावती सापडली तर तो वॉरंटीत पाठवा. संध्याकाळी बॅटरीवरची टचपॅडची परीक्षा घ्या. कर्सर शांत राहिला तर एक्स्टेंशन बोर्डाची पिन मोजा आणि वायरमनला बोलावून नेमकं एवढंच सांगा: “ह्या सॉकेटचा फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजून आकडा दाखवा.” नुसतं “अर्थिंग बघा” म्हटलंत तर तो टेस्टर लावून “आहे” म्हणेल आणि निघून जाईल. बॅटरीवरही कर्सर नाचला आणि लॅपटॉप सपाट बसत नसेल, तर तो चार्जला न लावता सरळ घेऊन या.

अर्थिंग होईपर्यंतच्या दुपारी निभावायच्या तर वायरवाला माऊसच वापरा. तो बोटाची वीज मोजत नाही, खालचे फोटो काढतो, त्यामुळे चार्जर लावलेला असला तरी त्याला फरक पडत नाही. आणि तेवढा वेळ टचपॅड सेटिंगमधून बंद ठेवा, नाहीतर टाइप करताना तळहात टेकला की त्याच्या उड्या सुरूच.